बाहेरचं पाणी आत आणू नये

मंडळी, एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई करू नका! जी गोष्ट फुकट मिळते, तिची किंमत किती? वारा... सावली... उंचावरून दिसणारं आपलं गाव... किती? काय म्हणालात, खांबापाशी बसलेले काका? शून्य? बरं! धरून ठेवा तुमचं शून्य. शेवटी परत मागणार आहे!

तर ऐका. एक होता मोरेश्वर हिंगमिरे. त्याचा धंदा अंदाज सांगण्याचा. अहो, पावसाचा नाही, माणसांचा! या बागेत पुढच्या वर्षी किती लोक हिंडायला येतील, त्या तळ्यावर किती जण सहली काढतील, आणि त्या हिंडण्याफिरण्याचं मोल पैशात किती! पण स्वतः कधी हिंडला? छे! बाकावर बसला की पाय हलतोय, नजर फाटकावर. कोण आलं? कशातून आलं? किती वेळ थांबलं? देवळात गेला तरी चपला मोजायचा! हसू नका. तुमच्यातही काहींचं चित्त आत्ता चपलांपाशीच आहे!

अशा माणसाला त्याच्याच जन्मगावच्या नगरपालिकेनं बोलावलं. गावाला लागून भैरोबाची टेकडी. म्हणाले, "साहेब, फाटक बांधून तिकीट लावायचं म्हणतो. लोक येतील का, तेवढं सांगा."

आता ही टेकडी नुसता मुरूम! कुसळ उगवायचं नाही. आणि तरी गर्द झाडी! कशी? त्या गावची रीत होती — टेकडीवर रिकाम्या हातानं जायचं नाही! खालच्या हौदावर कॅन भरायचा, बाटली भरायची, आणि वर आपल्या झाडाला घालायचं. घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावाचं झाड लावायचं. मोरेश्वराच्या आईनं, गिरजाबाईनं, नवऱ्याच्या नावानं बकुळ लावली होती. गुडघे कुरकुरायचे, पण म्हातारी रोज कॅन घेऊन वर!

मोरेश्वरानं पायथ्याशी टेबल मांडलं. या अंदाजवाल्यांच्या शास्त्राचा हिशेब सरळ आहे. माणूस एखाद्या जागी पोचायला जेवढा खर्च करतो, तेवढी त्याच्या लेखी त्या जागेची किंमत! लांबून गाडी करून आला, किंमत मोठी. शेजारून चालत आला... हं, कळलं ना? तेवढ्यात आई आली, हातात कॅन. याला गंमत सुचली.

"आजी, किती खर्च करून आलात?"

"मेल्या, आजी कुणाला म्हणतोस? चालत आले की!"

"तिकीट लावलं तर किती द्याल?"

"भैरोबाकडे जायला तिकीट? काहीतरीच बोलतोस!"

यानं लिहिलं, शून्य. अहो, सख्ख्या आईपुढे शून्य! गावातली चालत येणारी सगळी माणसं अशीच. सगळी शून्य!

मग अहवाल दिला. बाहेरगावचे लोक येतील, पुढच्या वर्षी दुप्पट, त्यापुढे चौपट! आणि खाली एक ओळ, खास स्वतःच्या हुशारीची — बाहेरचं पाणी आत आणू देऊ नये, म्हणजे आतल्या स्टॉलवर बाटल्या खपतील. वा! टाळ्या!

थंडीत फाटक लागलं. गर्दी झाली हो! नगरपालिकेचे फोनवर फोन, "साहेब, आकडा तंतोतंत!" याला मात्र चैन नाही. उद्या किती? परवा किती? जेवताना आकडे, आंघोळीत आकडे!

चैत्र आला, आणि फोनचा सूर बदलला. "साहेब, तुमची माणसं कुठायत?"

धावत आला. भरदुपारी वर चढला. गाड्या यायच्या, माणसं उतरायची, डोळ्यांवर हात धरायची आणि परत गाडीत! बसणार कुठे? सावलीच नाही! पानं करपलेली. बकुळीची फांदी धरली — कट्! हातात आली.

मंडळी, माणूस चुकला की आधी रागावतो कुणावर? आईवर! तरातरा घरी गेला. ती मेथी निवडत बसली होती.

"आई, बाबांच्या झाडाला पाणी घालायचं सोडलंस?"

"गेले होते रे. पहिल्याच दिवशी गेले. तिकीटसुद्धा काढलं."

"मग?"

"फाटकावरचा म्हणाला, तुम्ही जा आत, कॅन इथं ठेवा. नियम आहे. म्हटलं, कुणी केला नियम? म्हणाला, तुमच्याच मुलानं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू एवढा शिकलेला. म्हटलं, काही विचार करूनच लिहिलं असशील."

(मृदंग थांबवा बुवा. जरा थांबवा.)

तो तसाच उठला. कॅन उचलला, हौदावर भरला, फाटकाशी आला. "साहेब, पाणी आत न्यायचं नाही!" "बाजूला हो! लिहिलं मी, मोडतोही मीच!" वर गेला, बकुळीच्या बुडाशी कॅन उपडा केला. माती इतकी कडक झाली होती, की पाणी वाहून गेलं. मग मात्र मटकन बसला, आणि लहान मुलासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी सभेत उभा राहिला. "अंदाज चुकला. सावली मी आयती धरली होती. आणि ती ज्यांनी केली, त्यांनाच शून्य लिहिलं. फाटक काढा."

फाटक निघालं. बकुळ वाचली का, विचारताय? नाही वाचली! कथा आहे म्हणून खोटं हिरवं करू? गिरजाबाईनं त्याच खड्ड्यात नवी लावली. आता मोरेश्वर गावी आला की कॅन तो उचलतो. म्हातारी मागून ओरडते, "काय हो साहेब, किती खर्च करून आलात?" आणि हा कॅन या हातातून त्या हातात घेत चढत राहतो.

काका, द्या ते शून्य परत! आणि तुम्ही सगळे! मघापासून देवळाच्या अंगणातल्या चाफ्याखाली गार बसलात. त्याला पाणी कोण घालतं, माहीत आहे? नाही ना? घरात तुमच्या आधी उठून कोण काय करतं, त्यापुढे कोणता आकडा लिहिलात?

हात जोडायच्या आधी हात भरा. हौद त्या बाजूला आहे. आरती आज चाफ्याला पाणी घातल्यावर. उठा!