दात आईवर गेलेत

नाय ताई, नुसतं 'तारेचे किती' असं विचारू नका, फसाल. बसा इथं, पंखा इथंच लागतो. ती काउंटरवरची पोरगी तुमाला एक आकडा सांगेल, तो आकडा नुसता आत शिरायचा — मंग एक्स-रेचे वेगळे, दर महिन्याला तार आवळायचे वेगळे, क्लिप निसटली तर तिचे वेगळे, आणि सगळं संपल्यावर दात परत पळू नयेत म्हणून प्लेट देतात ना, तिचं तर कोण नावच काढत नाय. सगळं मिळून किती, असं विचारायचं. साध्या तारेला चाळीस हजाराच्या आसपास धरून चाला, दातांच्या रंगाची पायजे तर पन्नासच्या पुढं, आणि ते प्लास्टिकचे साचे घालतात कॉलेजच्या पोरी, तुमच्या खारघरला, ते लाखाच्या वर. तुमी खारघरच्याच ना? वाटलंच. पोरीला नाय आणलं? बरं केलंत, आधी चौकशी, मंग पोर. मी काशिराम. पनवेलच्या पुढं आमचं गाव हाय — आता गाव कसलं, चारी बाजूनं बिल्डिंगी आणि मधी आमचं देऊळ. माझी नात आत हाय, मिताली, सातवीत. आज तिला तार बसवतात. आधी दात साफ करतील, मंग क्लिपा चिकटवतील. पैसे भरले की चिकटवतील, असं सांगितलंय. सून येतेय घेऊन, तळोज्याला कंपनीत असते, पहिली पाळी सुटली की थेट इथंच.

मला एवढं कसं माहीत म्हणता? अवो, तीन दवाखाने पालथे घातले. पहिला नवीन पनवेलला, वयस्कर डॉक्टर, हात हलका, माणूस एकदम सज्जन — मी बोललो, महाग हाय. पोरगा माझा, शैलेश, हसायलाच लागला. बोलतो, बाबा, जमीन गेली, तिचे पैसे आले तवा गाडी घेतलीत, एक रुपयाचा भाव केला नाय, आणि पोरीच्या दाताला घासाघीस करताय? मी बोललो, गाडी गाडीच्या जागी. दुसऱ्या त्या खारघरच्या बाई — मी बोललो, लांब पडतं. आता खारघर किती लांब, तुमी आज तिथनंच आलात. आणि घरात गाडी हाय, तीच ती. पण बोललो. म्हातारा माणूस बोलला की घरात कोण फार उलटून विचारत नाय, आणि विचारलंच तर गुडघा दुखतो बोलायचं. मंग हा तिसरा. हा बरा हाय. हसतो, पोरीला चॉकलेट देतो — दाताचा डॉक्टर आणि चॉकलेट, पण देतो. तोंड उघड, तोंड मिट, फोटो काढला, भाव सांगितला, तारीख दिली. फार विचारत नाय.

खारघरच्या बाई कशा हायत? चांगल्या हायत, का नसतील. आता खरं बोलायचं तर या तिघांत त्याच — म्हणजे बघा, दुसरे डॉक्टर पोरीला खुर्चीत बसवतात आणि दिवा तोंडावर मारतात. या बाईंनी दिवा लावलाच नाय. स्टूल ओढून समोर बसल्या, पोरीचा हात हातात घेतला, शाळेचं विचारलं, मैत्रिणींचं विचारलं. मला वाटलं, वेळ घालवतात. तोंड उघडायच्या आधी हात बघत होत्या, ताई. एक हात बघितला, ठेवला, दुसरा घेतला. पोरीनं अंगठा मुठीत धरलेला, तो हळूच सोडवला. बाकीच्या बोटांच्या नखात शाई, माती, काय काय — पोरच ती — आणि उजवा अंगठा मात्र धुतल्यासारखा साफ, वर मागच्या बाजूला घट्टा. मी ते बघत होतो. बाईंनी पोरीला नाय विचारलं. मला विचारलं. आजोबा, अंगठा चोखायची सवय होती का हिला, की अजून हाय?

मी काय बोललो? नाय बोललो. पटकन बोललो, जरा जास्तच पटकन. पहिल्या डॉक्टरनंपण हेच विचारलं होतं, तवापण नाय बोललो होतो.

बघताय काय अशा, मी काय गुन्हा नाय केला. पोरं अंगठा चोखतात. कुणाची नाय चोखत? तुमच्या मुलीनं — नाय चोखला? बरं. चांगलं हाय. पण चोखतात. आता ही बारा वर्षांची झाली ते मान्य. रोज नाय हो. रोजच, पण झोपेत. तिला कळत नाय ती घालते ते. निजते माझ्या खोलीत, लहानपणापासनं, मला झोप कमी, आवाज येतो. आधी मी अंगठा काढून ठेवायचो, मंग बघितलं की काढला की दचकते, रडकुंडीला येते, म्हणून सोडून दिलं. मागं शाळेची सहल जायची होती, मुक्कामाची, तवा ती माझ्याजवळ आली आणि बोलली, आजोबा, मी नाय जात, पोरी बघतील. आणि आईला सांगू नको, शपथ घे. मी घेतली शपथ. सहलीला पोटात दुखतं म्हणून नाय गेली. ते पण मीच सांगितलं घरात, पोटाचं.

लावली कुणी ही सवय — आता तुमी विचाराल तर — नाय विचारलंत, बरं, पण मनात आलंच असेल. आमची म्हातारी गेली, सोनाबाई, तवा मिताली दोन वर्षांची नव्हती. सुनेची नोकरी कंपनीच्या लॅबमध्ये, तीन पाळ्या. शिकलेली हाय आमची रंजिता. सगळे बोलायला लागले, आता नोकरी सोड, पोर कोण बघणार? माझ्या भैणी तर जमीन-पैसा काढून बोलल्या, कशाला पायजे सुनेची कमाई. मीच उभा राहिलो. बोललो, मी सांभाळीन, तू जा पोरी बिनघोर. मला फार चांगलं वाटलं तसं बोलून, खोटं कशाला सांगू. आणि पहिल्याच दिवशी पोरीनं जो हंबरडा फोडला — दूध नको, पेज नको, खांद्यावर घेऊन ओटीवर फेऱ्या मारल्या, शेजारच्या बायका डोकावून बघायला लागल्या, बघा म्हाताऱ्याला जमत नाय. मंग मी तिचा अंगठा धरला आणि तिच्याच तोंडात दिला. गप झाली. अशी गप झाली जसा कुणी रेडिओ बंद केला. दुसऱ्या दिवशी परत दिला. मंग मला द्यायला लागलं नाय. संध्याकाळी सून आली, बोलली, रडली का? मी बोललो, छे, माझ्याकडं रडते होय. सगळ्या गावात नाव झालं माझं, काशिरामकडं पोर रडत नाय.

रंजिताला संशय होता. चार वर्षांची झाली तवा तिनं ते कडू औषध आणलं, अंगठ्याला लावायचं. रात्रपाळीला जाताना स्वतः लावून जायची. आणि ती गेली की पोर माझ्याकडं नुसती बघायची. मी ओल्या फडक्यानं पुसून टाकायचो. दया आली, दुसरं काय. महिनाभरानं सुनेनं विचारलं, सुटली ना बाबा सवय? मी बोललो, सुटली. बिचारी एवढी खूश झाली, मला कंपनीतनं मिळालेला नवा टॉवेल दिला.

नाय, नाय ताई, तुमी म्हणता ते बरोबर, एवढी-तेवढी गोष्ट हाय, सांगून टाकायची. बाईंनी तर सगळं समजावलं होतं — अंगठा चालू असेल तर आधी ती सवय सोडवायची, वरच्या दातांच्या मागं बारीकशी जाळी बसवतात, काही महिने लागतात, मंग तार. नायतर तार इकडून ओढणार आणि अंगठा तिकडून ढकलणार, दोन वर्षं पोर त्रास काढणार आणि दात परत होते तिथं. तोंड मिटलं तरी पुढच्या वरच्या-खालच्या दातांत एवढी फट हाय तिच्या, भाकरी दाढेनं तोडते, कुत्र्यासारखी मान वाकडी करून. पोरं हसतात शाळेत. बाई बोलल्या, मी तिला ओरडणार नाय, कुणीच ओरडायचं नाय, मला फक्त खरं सांगा. त्या बोलत होत्या आणि मी सुनेकडं बघत होतो. बाजूच्या खुर्चीत होती ती. तिच्यासमोर कसं सांगू, आठ वर्षं खोटं बोललो म्हणून? म्हणून मंग मी — म्हणजे बाईंना काहीतरी उत्तर तर द्यायला पायजे होतं ना, त्या थांबल्या होत्या — मी बोललो, सवय-बिवय काय नाय मॅडम, दात आईवर गेलेत.

असं बोललो. सुनेसमोर. तिचे दात जरासे पुढं हायत, म्हणजे बघायला गेलं तर, नायतर कुणाच्या लक्षातपण येत नाय. लग्नाच्या वेळेला सोनाबाई बोलली होती, हसली की पोरगी छान दिसते. आणि मी बोललो आईवर गेलेत. रंजितानं खाली बघितलं. गाडीत बसल्यावर शैलेशला बोलली, तारेचा खर्च मी करणार, माझ्यामुळं झालंय. तो बोलला, येडी काय, पैसे हायत घरात. नाय ऐकली. सुट्टीच्या दिवशीपण कामावर जाते, जादा पाळी घेते. घरातल्या बाया पण धरून बसल्या, माझ्या भैणी, हळदीला आल्या होत्या पुतण्याच्या, आईचं तोंड उचललंय पोरीनं, आईचं तोंड उचललंय. आणि मी तिथंच पाटावर बसलेलो, भात कालवत. तवापासनं हसायचं झालं की तिचा हात तोंडावर जातो. आधी नव्हता जात. लग्नाला एवढी वर्षं झाली, खळखळून हसणारी बाई, माझ्यासमोरपण हसायची, पदर-बिदर काय नाय. आता हळदीच्या फोटोत बघा, सगळ्या बायका हसतात आणि ही हात लावून उभी.

तर तुमी विचारत होता, डॉक्टर कुठला धरायचा. हा नको. याचं वाईट नाय, हा जे समोर दिसतं ते करतो, याला कुणी सांगितलंच नाय तर हा काय करणार. मी इथं का आणली ते तुमाला कळलं असेल आता, मला पण बोलता बोलताच कळतंय, इतके दिवस मी गुडघ्याचंच कारण धरून बसलो होतो. तुमी त्या बाईंकडं जावा. चार पैसे जास्त घेतील. त्या विचारतात. पोरीला घेऊन जावा आणि विचारतील ते सगळं सांगा, घरातलं असलं तरी सांगा, लाज वाटली तरी.

थांबा, जिन्यावर चप्पल वाजली. तीच हाय. सूनबाय, ये. ये, दम खा जरा. या ताई खारघरच्या, पोरीच्या दातांची चौकशी करायला आल्यात. ही रंजिता, आमची सून, मी सांगत होतो ना. बघा. बघितलंत? हसली आणि गेला हात.

नाय नाय, काउंटरला नको जाऊ. पैसे राहू दे पाकिटात. आत सांगा हो कोणीतरी, क्लिपा चिकटवू नका अजून. मला काय नाय झालं ग, बीपी नाय, गोळी घेतली सकाळी. तू बस इथं. माझ्या बाजूला बस. आणि तोंडावरचा हात काढ आधी, काढ पोरी, तुझ्या दातांना काय झालेलं नाय. ताई, तुमी निघा आता.