पाचांतलं हलकं

नेल्डा : ...गोळी झाडू नकोस! एलोदिया, ऐकतेयस का? झाडू नकोस. चापावरचं बोट काढ आधी.

एलोदिया : सासूबाई, आत्ताच सांगितलं ना, दारात खुळखुळ्या साप बसलाय! मनगटाएवढा जाड. मी पंपाच्या खोलीत आत नि तो उंबऱ्यावर. आणि तुम्ही वॉकीटॉकीवर ओरडताय झाडू नको म्हणून?

नेल्डा : हो, तेच म्हणतेय. किती लांब आहे?

एलोदिया : तीन हातांवर. मी मान वळवली तरी शेपूट वाजवतो. ऐका... ऐकलंत?

नेल्डा : ऐकलं. वॉकी गळ्यातच राहू दे नि हळू बोल. हलू नकोस.

एलोदिया : हलू कुठे? चार पावलांची पत्र्याची खोली. मागे पंप, पुढे हा. पत्रा नुसता भाजतोय. एक बार काढते नि मोकळी होते. छर्ऱ्यांची काडतुसं तुम्ही भरता कशाला मग? माळेत ओवायला?

नेल्डा : त्यातलं एक काडतूस वाईट आहे.

एलोदिया : वाईट म्हणजे? उडणार नाही?

नेल्डा : तेवढंच असतं तर मी अशी बोंब मारली असती का? जास्त उडेल. त्यात दारू दुप्पट पडलीय. रिव्हॉल्व्हर तुझ्या हॉलिसच्या आजोबांचं, म्हातारं झालंय ते. हातात फुटलं तर बोटं जातील. डोळेही जातील.

एलोदिया : ग्वादालुपेच्या माते! सासूबाई, मी घोडा ओढून बसलेय. तुमचा आवाज आला नसता तर आत्तापर्यंत...

नेल्डा : ओढलाय? अजून वरच आहे?

एलोदिया : हो.

नेल्डा : बरं. घाबरू नकोस. नळी जमिनीकडे धर. अंगठा घोड्यावर घट्ट दाब. घाम आलाय का?

एलोदिया : घामानं न्हालेय.

नेल्डा : मग आधी अंगठा पँटीला पूस. दुसऱ्या हातानं घोडा धर, अंगठा पूस, पुन्हा ठेव. आता चाप हळूच दाब नि घोडा अंगठ्यावर तोलत खाली सोड. निसटू द्यायचा नाही.

एलोदिया : ...आला. आला खाली.

नेल्डा : शाबास.

एलोदिया : शाबास म्हणू नका मला! सकाळी मी काय बोलले होते? तुम्हाला दिसत नाही, आता हे भरणं पुरे, गावातल्या दुकानातनं एक डबी आणू. तर तुम्ही म्हणालात, काल आलेल्या सुनेनं मला शिकवू नये. नऊ वर्षं झाली मला येऊन, नऊ!

नेल्डा : म्हणाले होते.

एलोदिया : सुंभ जळला तरी पीळ जळत नाही तुमचा.

नेल्डा : नाहीच जळत. माझा पीळ उतरवायचा तो घरी आल्यावर उतरव. साप काय करतोय?

एलोदिया : वेटोळं घालून बसलाय. डोकं माझ्याकडे. पान्हा आहे माझ्याजवळ, फेकून मारू?

नेल्डा : नेम चुकला तर तो आत घुसेल. बाहेर ऊन, आत सावली. त्याला आतच यायचंय.

एलोदिया : मग तुम्ही या ना!

नेल्डा : जीप हॉलिस घेऊन गेलाय बाजाराला. राहिला ट्रॅक्टर. मधे तीन फाटकं. पाऊण तास लागेल.

एलोदिया : पाऊण तासात मी इथं शिजेन. आत्ताच डोळ्यांपुढे काजवे चमकतायत.

नेल्डा : तोंडावर पाणी मार.

एलोदिया : पाणी असतं तर इथं मरायला आले असते का? गुरं कालपासून हौदापाशी हंबरतायत, म्हणून तर पंप खोलायला आले. बाटली ट्रकमध्ये राहिली.

नेल्डा : मग आपणच ते वाईट काडतूस शोधून काढू. तू नि मी.

एलोदिया : एक मिनिट. ते वाईट माझ्याकडेच कशावरून? तुम्ही बारा भरली होती. मी पाचच उचलली.

नेल्डा : घरात सात उरलीत. सातही आत्ता काट्यावर ठेवून पाहिली. सगळी सारखी.

एलोदिया : म्हणजे...

नेल्डा : म्हणजे तुझ्या पाचांतलं एक.

एलोदिया : हे झालं कसं? चाळीस वर्षांत तुमचं एक काडतूस फुकट गेलं नाही म्हणून गावभर सांगत असता!

नेल्डा : काडतुसांच्या बारा रिकाम्या पुंगळ्या फळीवर मांडल्या होत्या. एकेकीत पळीनं दारू घालत चालले होते. तू दारात येऊन भांडायला लागलीस. तू गेलीस तेव्हा कळेना, सहावीपर्यंत झालंय की सातवीपर्यंत.

एलोदिया : आता माझ्यावर ढकला.

नेल्डा : तुझ्यावर नाही ढकलत गं. ऐक तर. हॉलिसचा बाप, एर्विन, मला हे भरायला शिकवायचा तेव्हा त्याचा एकच नियम होता. मधे कुणी बोललं, फोन वाजला, घर पेटलं, काहीही होवो, सगळ्या पुंगळ्या डब्यात उलट्या करायच्या नि पहिलीपासून पुन्हा भरायचं. चाळीस वर्षं मी तेच केलं.

एलोदिया : मग आज का नाही केलंत?

नेल्डा : तू परत आलीस ना, टोपी विसरली म्हणून. तिथंच उभी होतीस.

एलोदिया : म्हणून?

नेल्डा : तुझ्यादेखत ओतल्या असत्या तर तुझं खरं झालं असतं. म्हातारी विसरली, म्हातारीला दिसत नाही. लाज वाटली मला. तशीच अंदाजानं पुढे गेले.

एलोदिया : लाज वाटली! माझा हात गेला असता इथं, सासूबाई!

नेल्डा : गेला असता. शिव्या घाल, मी ऐकून घेईन. पण आता सांगते तसं कर. उन्हानं चक्कर आली नि तू पडलीस तर त्याच्या तोंडाशीच पडशील.

एलोदिया : ...सांगा.

नेल्डा : ज्या पुंगळीत दारू दुप्पट पडली, तिच्यात छर्ऱ्यांना जागा उरली नाही. निम्मे उतू गेले. मला वाटलं, मापच जास्त झालं असेल. वरचे निपटले नि पुठ्ठ्याची चकती दाबून बसवली. मघाशी फळी पुसताना ते सांडलेले छर्रे हाताला लागले, चिमूटभर, तेव्हा डोक्यात उजेड पडला. शिसं जड, दारू हलकी. तेव्हा तेच हलकं लागेल.

एलोदिया : हातानं कळेल? इथं काटा नाही.

नेल्डा : कळेल. घोडा अर्धा ओढ. रिव्हॉल्व्हरच्या बाजूची बारकी खिडकी उघड. नळी वर कर, चाक फिरव, एकेक आपोआप घसरेल. हाताशिवाय दुसरीकडे पडू देऊ नकोस. वाजलं तर तो बिथरेल.

एलोदिया : एक आलं... दोन... सासूबाई, तो हलला!

नेल्डा : तू हलू नकोस. कुठे चाललाय?

एलोदिया : आत. उंबऱ्यावरून आत सरकलाय. आता दोन हात पण नाहीत. जीभ दिसतेय मला त्याची.

नेल्डा : गप उभी राहा. श्वाससुद्धा नाकानं घे. तुला डसायचं त्याला काही पडलेलं नाही, तो सावली बघतोय.

एलोदिया : ...थांबला.

नेल्डा : मग घे पुढची. सावकाश.

एलोदिया : तीन. चार. पाच. पाचही आली.

नेल्डा : आता एकेक तळहातावर ठेव.

एलोदिया : काही कळत नाही. सगळी सारखीच लागतायत. हात घामानं ओला झालाय.

नेल्डा : हात पूस. डोळे मीट.

एलोदिया : डोळे मिटू? तो पायाशी आहे नि मी डोळे मिटू?

नेल्डा : मीट एक क्षण. तुझे डोळे तिकडे लागलेत म्हणून हाताला कळत नाही. एक डाव्या हातात, एक उजव्यात. मग हात बदल.

एलोदिया : पहिलं नि दुसरं सारखं. दुसरं नि तिसरं... थांबा.

नेल्डा : काय?

एलोदिया : तिसरं हलकं. नाही, थांबा, हात बदलते. हो, तिसरंच. आतून पोकळ असल्यासारखं.

नेल्डा : बाकीची दोन पण बघ. त्यांतलं आणखी एक हलकं लागलं तर एकही झाडायचं नाही. मी ट्रॅक्टर काढते.

एलोदिया : चौथं जड. पाचवं जड. पहिल्यासारखीच.

नेल्डा : पुन्हा बघ.

एलोदिया : पुन्हा बघितलं. तिसरंच.

नेल्डा : ते पंपाच्या मागे ठेव, उभं. आता जडातलं एकच भर. एकच. ते घोड्याखाली आण.

एलोदिया : सासूबाई, तुमची खात्री आहे?

नेल्डा : नाही.

एलोदिया : नाही? अहो, नाही काय?

नेल्डा : माझ्या डोळ्यांची खात्री उरली नाही मला. तुझ्या हाताची आहे. नऊ वर्षं टॉर्टियाचं पीठ घेतेस ते कधी मापलंयस का? मूठभर हे, चिमूटभर ते. एकदाही बिघडलं नाही.

एलोदिया : हे कधी बोलला नाहीत.

नेल्डा : बोलायला हवं होतं. भरलंस?

एलोदिया : भरलं.

नेल्डा : नळी त्याच्या डोक्याच्या जरा खाली रोख. चाप ओढताना तोंड वळव नि डोळे मीट, छर्रे फरशीवरून उलटून येतात. आणि... एलोदिया, नको. राहू दे. मी येते. पाऊण तास कसाही काढ.

एलोदिया : आता मागे फिरू नका. या उन्हात पाऊण तास मी उभी राहणार नाही. आता बोलू नका, मला नेम धरू द्या.

नेल्डा : एलोदिया!

(वॉकीवर एक बार. मग बराच वेळ नुसती खरखर.)

नेल्डा : एलोदिया? एलोदिया, बोल. पोरी, बोल काहीतरी. देवा, माझे दोन्ही डोळे घे, आत्ता घे, पण तिला... एलोदिया!

एलोदिया : ...ओरडू नका. कान बसलेत माझे.

नेल्डा : हात? हात कसा आहे?

एलोदिया : काय? मोठ्यानं बोला!

नेल्डा : हात, हात! तुझा हात!

एलोदिया : आहे. पाचही बोटं आहेत. साप गेला, डोक्याचा चेंदा झालाय. मी बाहेर येऊन ट्रकच्या सावलीत बसलेय. पाणी प्यायले.

नेल्डा : हळूहळू पी. घोटभर घे, मग थांब.

एलोदिया : तुम्ही रडताय?

नेल्डा : नाही. हो. रडले तर काय झालं? माझ्या हातानं तुला मारणार होते मी आज. थोडक्यात वाचले.

एलोदिया : मी वाचले, सासूबाई. तुम्ही घरात होता.

नेल्डा : हो गं, तू. तूच.

एलोदिया : एक विचारू? खरं सांगा. डॉक्टरकडे जाऊन आलात ना तुम्ही? मार्चमध्ये, मावशीकडे जाते म्हणून गेला होतात तेव्हा?

नेल्डा : ...तुला कुणी सांगितलं?

एलोदिया : कुणी नाही. परत आल्यापासून तुम्ही माणसाकडे बघताना मान तिरकी करता.

नेल्डा : उजव्या डोळ्याच्या बरोब्बर मधे डाग आहे. वाढतोय म्हणाले. डावाही त्याच वाटेनं जाणार. कडेकडेनं दिसतं, मधलं पुसून जातं.

एलोदिया : आणि हॉलिसला पत्ता नाही.

नेल्डा : त्याला कळलं की आधी गाडीची किल्ली काढून घेईल. मग ही फळी, ही यंत्रं. मग मला खुर्चीत बसवून म्हणेल, आई, तू आता आराम कर. जिवंतपणी मला फोटो करून भिंतीला टांगेल तो.

एलोदिया : टांगणार नाही. मी आहे ना घरात.

नेल्डा : तू सांगणार आहेस त्याला?

एलोदिया : सापाचं मी सांगेन. काडतुसाचं नि डोळ्यांचं तुम्ही सांगायचं. आज, तो आला की जेवताना. उद्यावर ढकलायचं नाही.

नेल्डा : आज तो दमून येईल गं.

एलोदिया : आज म्हटलं, सासूबाई. ऐकू आलं का?

नेल्डा : आलं. सांगीन. पण मी सांगताना तू माझ्या बाजूला बस.