राउटर गोल फिरवायच्या पट्टीबाबत वासितो सुतार याचा जबाब

मी वासितो, वडिलांचे नाव कार्तोमो, वय ५४ वर्षे, धंदा सुतारकाम, राहणार करांगवुनी, मशिदीमागची गल्ली, जिल्हा मलांग, पूर्व जावा. ठाण्यात आपण होऊन आलो. विचारल्यावरून सांगतो, ते असे.

वरील ठिकाणी मी, माझी पत्नी आणि आई तुकिनेम, वय ७६, असे राहतो. माझा धाकटा भाऊ सुगेंग वेगळा राहतो. मिरवणुकीला आवाजाचा ट्रक भाड्याने देणे हा त्याचा धंदा आहे. ट्रकवर बेसच्या स्पीकरचे डबे एकावर एक रचून घराएवढी भिंत उभी करतात. त्याचे डबे आजवर मीच केले. आमच्याकडे ऑगस्टमधली स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक अशा ट्रकशिवाय निघत नाही. कौले सरकतात, काचा तडकतात, तरी लोक खुशीने वर्गणी देतात. मीही देत आलो.

डब्याच्या पुढच्या फळीला अठरा इंची स्पीकरसाठी भोक पाडावे लागते. जिगसॉने, म्हणजे विजेच्या करवतीने, पाडले तर पाते भरकटते, स्पीकर नीट बसत नाही आणि फटीतून हवा सुटून आवाज फुसका येतो. म्हणून राउटर, म्हणजे लाकूड कोरायचे यंत्र, लागतो, आणि राउटर गोल फिरायला पट्टी लागते. ती मी जाड प्लायची घरीच केली आहे. एका टोकाला राउटर बसतो, दुसरे टोक फळीच्या मध्यावर खिळ्याने अडकवायचे आणि राउटर त्या खिळ्याभोवती फिरवायचा, दर फेरीला थोडा खोल. भोक पुरते अठरा इंचांचे पाडले तर स्पीकर आत पडतो. कड टेकायला जागा सोडावी लागते. ते माप पट्टीवर धरलेले आहे. गावात दुसरी अशी पट्टी नाही.

गेल्या महिन्यात आईला हृदयविकाराचा झटका आला. तिला कसलाही धक्का बसू देऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले. आमची भिंत रस्त्याला लागून आहे. जुने डबे विकून टाकल्याने सुगेंगने मला नव्या डब्यांचे काम सांगितले. मी नाही म्हटले. निदान ट्रक आमच्या गल्लीतून नेऊ नका, असे गावप्रमुखांना सांगितले, तर दुसऱ्या रस्त्यावरचा पूल ट्रकचे वजन पेलणार नाही असे उत्तर मिळाले. आईला बहिणीकडे ब्लितारला पाठवायचे ठरवले, पण ती जायला तयार नाही. सणाला आपण घरात दिसलो नाही तर लोक काय समजतील, असे तिचे म्हणणे. गाव करील ते राव काय करील, तिथे एका सुताराचे काय चालणार. मला दुसरे काही सुचले नाही. मी पट्टी चटईत गुंडाळून आईच्या पलंगाखाली लपवली. पट्टी नाही तर डबे नाहीत, आणि डबे नाहीत तर ट्रक निघणार नाही, एवढाच माझा विचार होता.

सोमवारी मी आईच्या गोळ्या आणायला गेलो होतो. परत आलो तर चटई उलगडलेली होती आणि पट्टी नव्हती. सुगेंग येऊन गेल्याचे पत्नीने सांगितले. मी ठाण्यात येऊन चोरीची तक्रार दिली. साहेब माझ्याबरोबर घरी आले आणि त्यांनी आईला विचारले.

आई म्हणाली, "चोरी कसली, साहेब? धाकट्यानं मागितली, मी काढून दिली. जन्मभर या गावाचं मीठ खाल्लं. आता तुकिनेमपायी मिरवणूक राहिली, हे मला ऐकवणार नाही."

मी म्हणालो, "आई, तुला काही झालं तर?"

"झालं तर झालं. लोकांच्या पोरांना वर्षातनं एकदा नाचायला मिळतं."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. आईने साहेबांना तळलेली केळी द्यायला सांगितली. साहेबांनी दोन खाल्ली.

आज सुगेंग पट्टी घेऊन ठाण्यात आला. पट्टी त्याने पुसून आणली होती. तो मला म्हणाला, "दादा, मी काय तिचा वैरी आहे? तुमच्या दाराशी आवाज कमी करतो." ट्रकपुढे नाचणारे आवाज कमी करू देतील का, असे मी विचारले. तो म्हणाला, "करू देतील तेवढा." तो खोटे बोलत नव्हता. गेल्या वर्षी आवाज कमी केला म्हणून लोकांनी त्याला ट्रकवरून खाली ओढले होते, ते मी पाहिले आहे. मला त्याचा राग येईना, याचेच वाईट वाटले.

पट्टी माझीच आहे, मी ओळखली. सुगेंगच्या नव्या डब्यांची भोके पाडून झाली आहेत, स्पीकर बसले आहेत. मिरवणूक परवा आहे.

वस्तू परत मिळाली आणि ती आईने राजीखुशीने दिली होती, त्यामुळे गुन्हा होत नाही, असे साहेबांनी मला समजावले. मिरवणुकीचा मार्ग ठरवणे ठाण्याच्या हातात नाही, असेही सांगितले. आईला काही झाले तर ते ट्रकमुळे झाले असे समजावे, एवढे लिहून घ्या, अशी मी विनंती केली. जे अजून घडले नाही ते जबाबात लिहिता येत नाही, असे साहेब म्हणाले. घडल्यावर लिहाल का, असे मी विचारले. साहेबांनी पाणी मागवले.

पट्टी मिळाल्याची सही मी केली आहे. माझी आता कोणाविरुद्ध तक्रार नाही, असे लिहायला मी कबूल आहे. जबाब मला वाचून दाखवला. लिहिले आहे तेवढे बरोबर आहे.