चारही सारखे झिजलेले

माणिक : बापू, बोला मग, कोणते बसवू? गाडी जॅकवर चढवून ठेवली आहे.

बापू : थांब रे माणिक, आधी सूनबाईचा फैसला होऊ दे. अंबिका, मी पुन्हा सांगतो, टायर राहू दे. तुझे हॉस्पिटलवाले स्टाफला इंदौरला खोली देऊन राहिले आहेत ना? घे ती. रविवारी बसनं घरी ये.

अंबिका : बापू, घरून निघताना हेच बोलणं झालं आपलं. मी रोज जाणार आणि रोज घरी येणार. टायर गुळगुळीत झालेत, म्हणून तर फ्रीगंजला या दुकानात आलो.

बापू : रोज हायवे! ते डंपर, त्या बसा... संध्याकाळभर माझा जीव टांगलेला असतो.

अंबिका : मग चांगले टायर नकोत का?

बापू : बरं बाई. घ्यायचेच असतील तर हे घे. हात लावून बघ, कसल्या दणकट खाचा आहेत! एकदम जीपसारखे.

अंबिका : ते कच्च्या रस्त्याचे. डांबरावर नुसते गुरगुरतात, आणि ओल्या रस्त्यावर गाडी लवकर थांबत नाही. मला पावसात पकड सोडणार नाहीत असे हवेत. हे वाले. पण माणिकभाऊ, हा तर मागच्या उन्हाळ्याच्याही आधीचा माल आहे. तारीख आहे की बाजूवर.

माणिक : पकडलंत, वहिनी! आतून ताजे काढतो. पण बापू, एक सांगू? तुमचे जुने टायर उतरवले आणि बघतच राहिलो. इंदौर रोडच्या गाड्यांचे टायर कडेला खाल्लेले येतात, नाहीतर मधेच चट्टे. हे चारही सारखे झिजलेत. हवा कधी कमी नाही, ब्रेक कधी घाईत नाही. या वयात असा हात! मान गये.

बापू : माझा कुठला हात? काचबिंदू झाल्यापासून मी स्टेअरिंगला शिवलोसुद्धा नाही.

माणिक : मग आजवर चालवत होतं कोण? मला वाटलं, वहिनी आता सुरू करणार.

बापू : ही. दुसरं कोण? ... आण बरं तो जुना टायर इकडे.

(बापू टायरवरून सावकाश तळवा फिरवतात.)

बापू : ही कड... आणि ही. खरंच की रे. अंबिका, मागचेही असेच?

अंबिका : हो. दर सोमवारी हवा बघते, निघायच्या आधी, टायर गार असताना. आणि पुढच्या गाडीच्या मागे चिकटत नाही. तुम्हीच शिकवलंत ना?

बापू : शिकवलं खरं. पण माझे टायर असे कधी उतरले नाहीत. कमाल आहेस गं तू! आणि मी तुला बसनं ये म्हणतोय. माणिक, ती म्हणेल तेच बसव.

माणिक : हे घ्या, ताजे. आणि इतके शांत, की गाडी गल्लीत वळली तरी घरात पत्ता लागणार नाही.

बापू : पत्ता लागणार नाही?

अंबिका : काय झालं, बापू?

बापू : काही नाही गं. जुने टायर वळणावर घूं करायचे ना. तेवढं ऐकलं की मी तुझ्या सासूला सांगायचो, पानं घे, अंबिका आली.

अंबिका : मग थोडे आवाजाचे बघू या का?

बापू : अजिबात नाही! माझ्या कानांसाठी तुझी गाडी उशिरा थांबायला नको. बसव रे, शांतवालेच बसव.

अंबिका : आणि मग तुम्हाला कळणार कसं?

बापू : फाटकाशी आलीस की हाक मारत जा. आणि उद्या हॉस्पिटलात सांगून टाक, ती खोली दुसऱ्या कोणाला तरी द्या म्हणून.