पोरीनं कम्प्यूटर नाही गिळला

हॅलो?… हो, बोल राखी… कोण, वैभवी?… नाही. नाही वं. कम्प्यूटर नाही गिळला.

अवं ऐक तर… ऐक ना… दीड वर्षाची पोरगी कम्प्यूटर कशी गिळंल? तोंड केवढं, कम्प्यूटर केवढा… बरं, मस्करी नाही करत. पोरगी चांगली आहे. पहिले हे ऐकून घे. माह्या मांडीवर बसली आहे, बिस्कीट खाऊन राह्यली… भिजवून देलं वं, भिजवून. दुधात. पार लगदा करून देला.

तुले कोणं सांगतलं?… धनीबाईनं. म्हणलंच मी. शेजारीण आपली सोन्यासारखी, पण तिच्या तोंडून बातमी निघाली का उंदराचा हत्ती होते… हो, मीच करणार होतो फोन. दवाखान्यातून निघाल्यापासून हेच चालू होतं डोक्यात, का तुले कसं सांगावं…

हो. दवाखान्यात गेलो होतो. मालेगावले… राखी. राखी, रडू नको. श्वास घे. झालं ते, सरलं. पोरीच्या नरड्यात काई नाही, पोटात काई नाही. डॉक्टरनं नीट पाहिलं.

मंग कायले गेलो? तेच तं सांगून राह्यलो, तू बोलू देशील तं.

सकाळी माही मिटिंग होती. त्या पुण्याच्या मॅडम नाही का, लहान लेकरायच्या कपड्याचं दुकान… हां, त्याच. ज्यायले कोणताच गुलाबी गुलाबी वाटत नाही. त्यायची वेबसाइट. तं वैभवीले मी मांगं चटईवर बसवलं. मुरमुऱ्याची वाटी देली… माहीत आहे. मुरमुरे नाही द्यायचे. आता माहीत आहे. तू अकोल्याले जाताना दोनदा सांगून गेल्ती, तेबी आता आठवलं. अन् तो जुना बंद पडलेला कीबोर्ड देला खेळाले. म्हणलं, बापाची पोरगी आहे, बापाचा धंदा शिकंल.

मॅडम म्हणे, "हरीओमजी, पहिल्या पानावरच्या बाळाचे गाल जरा भरलेले दिसायला हवेत." तं मी गाल भरून राह्यलो. दुसऱ्याच्या लेकराचे. इकडून ओढतो, तिकडून ओढतो. अन् माहं सोताचं लेकरू दोन हात मांगं बसलं आहे, त्याचे गाल कशानं भरले ते पाहाले मले टाइम नाही.

मांगून खोकला आला… नाही, साधा नाही. अडकल्यावानी. वळून पाहतो तं पोरगी लालभडक. डोळ्यातून पाणी. आवाजच निघेना. अन् खाली पाहतो तं कीबोर्डाचं एक बटन गायब.

कोणतं?… घे, आता तूबी! धनीबाईनं हेच विचारलं. जीपवाल्या मदनसिंगनं गाडी चालवता चालवता हेच विचारलं. दवाखान्यात चिठ्ठी फाडणाऱ्यानं विचारलं. जसं काई ए गिळलं तं चालते अन् झेड गिळलं तं भेव आहे… एम. एम होतं. झालं समाधान?

मी काय केलं?… खरं सांगू? बोंबललो. मागच्या साली त्या लेकरायच्या डॉक्टरची वेबसाइट मीच बनवली नाही का? त्यात एक पूर्ण पान होतं, लेकराच्या घशात काई अडकलं तं काय करा. चित्रं मी काढले. बाण मी लावले. "घाबरू नका" हे तं मोठ्या ठळक अक्षरात मीच लिहिलं. टायमावर एक बाण आठवला नाही. चौतीस वर्षाचा घोडा, अन् "बाबा, बाबा" करून राह्यलो.

मंग उचललं तिले. पण अशा धांदलीत उचललं का पोरगी हातातून सटकली… पडली नाही! पडली नाही वं, पायाले धरलं मी. पण झाली ना उलटी, डोकं खाली. अन् त्या झटक्यात मुरमुऱ्याचा ओला गोळा भद्दकन बाहेर. अन् मंग असं भोकाड पसरलं तिनं… राखी, तुले सांगतो, लग्नात सनई ऐकून एवढं बरं नव्हतं वाटलं.

तं असं आहे. लोकं म्हणतीन, बापानं वाचवलं. बापाच्या धांदरटपणानं वाचवलं.

हां, पण बटन? मुरमुऱ्यात बटन नाही. चटई झटकली, नाही. टेबलाखाली पाहिलं, पलंग सरकवला, नाही. बाबा वावरातून जेवाले आले होते, ते हातातला घास ताटात टाकून आले. धनीबाई कुंपणाच्या पलीकडून आली. तिनं आल्या आल्या गळाच काढला, अन् तोच आवाज तिकडे पुण्याले चालला. मिटिंग कोणं बंद केली होती? मॅडम सगळं ऐकून राह्यल्या.

मदनसिंगची जीप उभी होती, मांगं सोयाबीनचे पोते भरलेले. तो म्हणे, पोते उतरवत नाही, बसा. आमी बसलो. पोरीले बाबानं घेतलं. माह्या हाताचा मलेच भरवसा नव्हता… बाबाच्या पायात चप्पल नाही. थेट मालेगावपर्यंत तसेच. ते मले दवाखान्याच्या पायरीवर दिसलं.

नाही, पोरगी नाही रडली गाडीत. किन्हीराजा गाव सुटत नाही तं बाबाच्या खांद्यावर झोपून गेली. रडून रडून थकली होती ना. मले वाटे, झोपली का बेशुद्ध पडली? रस्त्यातल्या दर मोरीवर नाकापुढे बोट धरून पाहत होतो. शेवटी बाबा म्हणे, "हरी, बोट काढ तिच्या नाकातलं, त्यानंच गुदमरंन ते लेकरू."

अन् मंग… काही नाही… नाही, सांगतो. बाबानं माह्या गुडघ्यावर हात ठेवला. मालेगाव येईपर्यंत ठेवला. मले तं आठवत नाही राखी, बाबानं असा कधी ठेवला होता. मारताना तेवढा ठेवत होते. अन् मी काय करतो त्यायले? दरवाजात आले, चहा घ्या म्हणाले, का मी हातानंच खुणावतो, मिटिंग आहे, जा. जसं गाईले हाकलते माणूस… हं… हो. समजते मले आता.

दवाखान्यात? दवाखान्यात आमी घुसलो, तं डॉक्टरनं माह्याकडे पाहिलं, बाबाकडे पाहिलं, अन् विचारते, "पेशंट कोण?" माहं तोंड पांढरंफटक. पोरगी तं खांद्यावर गाढ झोपलेली. बाबा म्हणे, "दोनी माह्येच लेकरं हाये साहेब. पन गियलं ल्हानीनं."

हासली! हासली ना? बरं वाटलं… नाही, मीबी तिथंच हासलो अन् मंग एकदम रडाले आलं. डॉक्टरनं मले खुर्चीवर बसवलं, पाणी देलं. पोरीच्या पहिले मले.

मंग तिचा घसा पाहिला. छाती ऐकली. म्हणे, "छातीचा फोटो काढू." आत नेलं. ती जागी झाली अन् लागली बोंबलाले. तिथल्या सिस्टर म्हणे, "हात वर धरा बाळाचे." एक हात मी धरला, एक बाबानं. बाबाच्या बाजूची मूठ आवळलेली. सिस्टरनं एक एक बोट सोडवलं…

हो.

हो, मुठीत. घरून मालेगावपर्यंत. झोपेतबी नाही सोडलं. आमी तिघं-चौघं जण तिच्या तोंडात पाहून राह्यलो, नाकात पाहून राह्यलो, चटईखाली पाहून राह्यलो. मूठ कोणं पाहिली नाही. सिस्टरनं ते बटन तळहातावर ठेवलं अन् सगळे पाहाले लागले. बटनाकडे नाही वं, माह्याकडे.

फोटो काढलाच तरी. डॉक्टर म्हणे, मुरमुऱ्याचा एखादा कण छातीत गेला असंल तं पाहिलेलं बरं. बराच वेळ बसवून ठेवलं आमाले. छाती साफ आहे म्हणे. फक्त एक दोन दिवस ध्यान ठेवा, खोकला वाढला का श्वासाचा आवाज येऊन राह्यला तं लगेच आणा, थांबू नका… हो, ठेवीन. ठेवून राह्यलो. आता तुह्याशी बोलतो अन् कान तिच्या छातीकडे आहे.

मॅडम? आला ना त्यायचा फोन. दवाखान्यातच. म्हणे, "बाळ बरं आहे ना? मी इकडे देवापाशी बसले होते." मले भरून आलं. म्हणलं, माणूस चांगला आहे, मीच उगा नावं ठेवतो. तेवढ्यात म्हणे, "मग… गालांचं कधी जमेल?"

मी म्हणलं, मॅडम, आज नाही जमत. उद्याबी नाही जमत. परवा माही बायको आली का बोलू… हो, असंच म्हणलं! आवाज चढवला नाही, पण म्हणलं. त्या मंग "बरं" म्हणाल्या. ते "बरं" कसं होतं, मले सांगता येत नाही. काम राहते का जाते, पाहू.

थांब… हा आवाज कायचा येऊन राह्यला तिकडे?… नाही, तो घरघर… तू कुठं आहेस?

बसमधे?! कोणत्या बसमधे?… राखी, वाशीमच्या गाडीत काहून बसली? तुमचं ट्रेनिंग… अवं, धनीबाईनं काईबी सांगतलं अन् तू… हो. बरोबर आहे. मीबी बसलो असतो. मी तं गाडीच्या पुढं पळत आलो असतो.

आता कुठं पोहोचली?… पातूर यायचं आहे. मंग पातूरले उतर… उतर अन् परत अकोल्याले जा. हो, मीच सांगून राह्यलो… अवं, उद्या शेवटचा दिवस. उद्या तुले सगळ्यायपुढं उभं राहून सांगायचं आहे, आपल्या बचत गटाच्या बायायनं सोयाबीनचं पनीर कसं केलं. तू अध्यक्ष आहेस. अन् तुह्यासंगं आलेल्या सुंदरबाईले तिथं एकटीले सोडून आली? ते बिचारी माइक पाहून पळून येईन.

आई आहेस. माहीत आहे मले, आई आहेस… ऐक. ऐक ना एकदा. तू आई आहेस हे सगळ्या गावाले माहीत आहे. मी बाप आहे का नाही, ते मलेच आज समजून राह्यलं. लोकायले मी काय सांगत फिरतो? "घरूनच काम करतो, म्हणून पोरीले वेळ देता येते." वेळ नाही देत राखी. पाठ देतो. दिवसभर तिनं बापाची पाठच पाहिली.

आता तू आज आली, तं काय होईन? तू तिले घेशील, छातीशी धरशील. अन् मी मोकळा होऊन खुर्चीवर जाऊन बसीन. परवापासून पुन्हा पाठ. नको. मले भेव लागलं आहे तं लागू दे… हो, भेव लागून राह्यलं. आता तिनं बिस्कीट गिळलं तरी मी तिचं तोंड उघडून पाहतो. पण म्हणूनच नीट पाहीन ना? बिनभेवाचा होतो तवा काय पाहिलं?

आई आहे ना… नाही, आई रिसोडलेच आहे अजून, उद्या येते. बाबा आहेत. आज वावरात नाही गेले परत. थ्रेशर थांबलं तं थांबू दे म्हणे. दारातच बसले आहेत… काय बाबा?… ते म्हणून राह्यले, तिले म्हणा, आमी दोघं एका पोरीले पुरून उरू. भाषण करूनच ये.

आलं पातूर? उतरतेस?… बॅग घे. डबा घे… कंडक्टर काय म्हणते? वाशीमचं तिकीट आहे तं इथं कायले उतरता? सांग त्याले, नवऱ्याचं डोकं ठिकाणावर आलं म्हणून.

उतरली?… आता रस्ता पाहून पार कर… गाडी नाही अजून? थांब मंग तिथंच सावलीत. मी आहे लाइनवर… नाही, नाही ठेवत… राखी, एक काम कर. गाडी येते तोवर तुहं भाषण म्हण… आत्ता. तिथंच… लोकं पाहतीन तं पाहू दे, उद्याबी पाहणारच आहेत. मी स्पीकरवर टाकतो. बाबा, इकडे या. तिचं भाषण आहे… हं. म्हण.

हं… हं… "माझ्या बहिणींनो" झाल्यावर जरा थांब, लगेच पळू नको… हं… चांगलं आहे… "सोयाबीन आमी विकत होतो, खात नव्हतो"… हे एक नंबर आहे. हे कोणं लिहून देलं?… तूच? सोताच्या मनानं?… मले कधी म्हणून नाही दाखवलं. कवा दाखवशील, मी तं मिटिंगमधे… बरं, पुढं म्हण. मोठ्यानं म्हण.

अवं, ऐक, ऐक! वैभवी टाळ्या वाजवून राह्यली… खरंच! नाही वं, मी नाही शिकवलं. आपल्या मनानं. तुहा आवाज ओळखला तिनं. सगळं बिस्कीट हाताले, अन् फटाफट टाळ्या. थांब, ऐकवतो… आलं ऐकू?… आलं?

हॅलो?… रडू नको. गाडी आली का?… अकोल्याचीच आहे ना? पाटी वाच नीट… चढ मंग. अवं चढ आधी, मंग खिडकीजवळ बसून रड पाहिजे तेवढी… मिळाली जागा?

रडून राह्यली ना?… हो. मीबी तेच करून राह्यलो… ठेवतो.