गोळ्यांचा डबा

नाही नाही, भूल नको सिस्टर, तसेच घाला टाके — पत्रा कापणारा माणूस मी, रक्ताचं मला काय कौतुक! काच लागली. कपाटाची. आपोआप कशी फुटेल — मीच मूठ घातली! का नाही घालणार? पोरगी सहा वर्षांची, दिवसाआड दमा, अंगभर गांध्या — ऐकू येतेय ना पडद्यामागून शिट्टी? तिचीच छाती ती. आणि आज मोबाइलवर काय वाचतो — गरोदरपणी फॉलिक ॲसिडच्या गोळ्या जास्त झाल्या की पोराला दमा होतो, ॲलर्जी होते! इकडे बायकोला दुसऱ्यांदा दिवस गेलेत, परत त्याच गोळ्या! डोकंच फिरलं. म्हटलं, बंद कर. तर म्हणते, डॉक्टरबाईंना विचारलंय, शास्त्रज्ञांचंच अजून एकमत नाही, पोटातल्या बाळाच्या मणक्याला ती गोळी लागतेच. मला शिकवते! दिली एक ठेवून. एकच. बरं, दोन. हिचा ओठ फुटला तो दाराचा कोपरा लागून — नीट लिहा हां ते.

मागच्या खेपेला? मागच्या खेपेला मीच आणायचो ना गोळ्या. समोर उभा राहून गिळायला लावायचो — सांगितलेली एक, मी दोन द्यायचो, पोर दणकट व्हावं म्हणून. गोळी उलटून पडली की जबडा धरून परत. असं काय बघता? जीव आहे माझा पोरीवर!

तर कपाटातून डबा ओढला, आपटला, बुटाने चेचला — पार भुगा. हिची सवयच वाईट, घरातलं सगळं औषध एकाच डब्यात, पोरीचा दम्याचा पंपसुद्धा. ही पाय धरून ओरडतेय, अहो, पंप आहे त्यात — रागात कुणाला ऐकू येतं? म्हणजे, आलं ऐकू. पण पाय थांबेना. आणखी चार लाथा घातल्या. डब्याला, सिस्टर, डब्याला! तेवढ्यात पोरीला धाप लागली, ओठ निळे पडले, गाडी मिळेना —

ऐका! थांबली शिट्टी. बघा, लागू पडली तुमची वाफ! बापावर गेलीय, चिवट आहे. आता झोपेल गाढ — अहो, दोरा लोंबतोय माझ्या हाताला, कुठे पळताय? सिस्टर? शिट्टी थांबली म्हणजे बरंच वाटलं ना तिला? सिस्टर!