विमलाबाईंचे पाय, बँकॉकात

विमला: अग्गो बाय, ही पोर खाली का बसली? ऊठ म्हण तिला.

अक्षया: आई, पाय चेपून घ्यायला आलोय ना आपण? आधी ती पाय धुणार, मग चेपणार. बँकॉकला आलेले सगळे हेच करतात.

विमला: परक्या पोरीकडून पाय धुऊन घ्यायला मी काय महाराज हाय? ...बरं, धू बाय. औक्षवंत हो. नवरा चांगला मिळू दे.

अक्षया: नवरा आहे तिला. आणि दर वेळी आशीर्वाद द्यायचा नसतो, आई. तासभर ती पायालाच हात लावणार आहे.

विमला: पायाला हात लागला नि तोंडातून काय निघालं नाय, तर बरं दिसतं?

अक्षया: मी दिवाळीला वाकते तेव्हा ‘असू दे, असू दे’ एवढंच निघतं.

विमला: तू घरातली सून. ...हीहीही! थांबव तिला! गुदगुल्या होतायत!

अक्षया: हळू, शेजारची गोरी बाई बघतेय.

विमला: बघू दे. माझे पाय हायत, मी हसेन नायतर रडेन.

अक्षया: नशीब, सकाळी हॉटेलात साबण चावलात तेव्हा कोणी बघत नव्हतं.

विमला: आंब्यासारखा साबण करतातच कशाला मेले! रंग आंब्याचा, वास आंब्याचा, वर देठ पण. मला वाटलं, कालच्या खरेदीत तू रायवळ घेतलंस.

अक्षया: जन्म रत्नागिरीत गेला, आणि साबण चावला.

विमला: घरी बोलायचं नाय हां. शेजारच्या हौसाला तर नायच, ती गावभर करील. आणि दुपारचं ते काय? गोड भात, वर नारळाचा रस नि बाजूला आंबा. असं कोण खातं?

अक्षया: तुम्ही. दोन प्लेट.

विमला: एका प्लेटीत काय कळतंय? आंबा आपल्यासारखा नाय, हे नक्की करायला दुसरी घेतली. ...पण अक्षया, एक सांग. मघापासून तू मोबाईलला मराठीत सांगून त्या पोरीला तिच्या भाषेत काय काय विचारतंस? खुर्ची कितीला, टब कुठला, तेल कसलं. फोटो पण टबाचेच काढतंस. माझा एक काढला नायस.

अक्षया: सहज.

विमला: सहज नाय. घरातली ती रस्त्याकडची खोली! तिथं दुकान काढायचं अजून डोक्यातून गेलं नाय तुझ्या! म्हणून मला विमानात घातलंस?

अक्षया: हो, म्हणूनच. घरी विषय काढला की तुम्ही उठून परसात जाता. इथे पाय टबात आहेत.

विमला: अनिलला ठाऊक हाय?

अक्षया: तिकिटं त्यांनीच काढली.

विमला: माझाच पोर! मी नाय म्हटलं ना एकदा? माझ्या सुनेनं लोकांचे पाय धरायचे नायत. मारुती मंदिराजवळच्या त्या पार्लरात कामाला जातंस, बायकांच्या भुवया करतंस, केस कापतंस, मी कधी बोलले?

अक्षया: आई, मी तिथे भुवया करत नाही. भुवयांना दुसरी मुलगी आहे. मी पायच धरते.

विमला: काय?

अक्षया: पेडिक्युर. घासते, धुते, नखं कापते, चेपते. लग्न झाल्यापासून तेच करते. तुम्ही विचारलंत कधी?

विमला: म्हणजे आपल्या मांडवीतल्या बायका...

अक्षया: सखूकाकू दर महिन्याला येतात.

विमला: सखू? रोज माझ्या ओट्यावर बसून चहा पिते, एक शब्द बोलली नाय!

अक्षया: तुम्हीच म्हणता ना, सखूचे पाय या वयात पोरीसारखे राहिलेत?

विमला: मी म्हटलं, शेतात जात नाय म्हणून असतील. भामटी मेली! ...अग जरा जोरात चेप म्हण तिला. टाचेकडं. हां. तिथंच.

अक्षया: मला माझी जागा हवी, आई. दुसरीच्या दुकानात राबून कंटाळा आला. ती खोली नाही मिळाली तर मला दुसरी परवडणारी नाही.

विमला: खोलीत माझे नारळ हायत. ...ती गल्ल्यावर पपई खात बसलेली म्हातारी कोण?

अक्षया: हिची सासू.

विमला: ती काय करते?

अक्षया: बसते. पैसे घेते. आल्यागेल्याशी बोलते.

विमला: दिवसभर? पंख्याखाली? मग घरी रांधतं कोण?

अक्षया: मुलगा.

विमला: मुलगा! ...अनिलला डाळ तरी येते काय गो?

अक्षया: शिकवू. तुमची खुर्ची रस्त्याकडे तोंड करून ठेवू. मांडवीच्या समुद्राकडे जाणारा प्रत्येक माणूस दिसेल.

विमला: लाच देऊ नको. लोक म्हणतील, विमलानं सुनेला परक्यांच्या पायाशी बसवलं.

अक्षया: आणि आमच्या लग्नात माझ्या आईने तुमचे पाय धुतले तेव्हा? तिला कुठे बसवलं होतं?

विमला: ती रीत हाय. विहिणीचे पाय धुतात. माझ्या आवशीनं पण माझ्या सासूचे धुतले.

अक्षया: माझ्या आईची कंबर तेव्हा धरली होती. खाली बसली ती उठता येईना, मामीने काखेत हात घालून उठवलं. मी बोहल्याशेजारी उभी राहून बघत होते. फार राग आला होता मला तुमचा.

(पोरगी विमलाबाईंचा दुसरा पाय चेपायला घेते.)

विमला: मला नाय दिसलं ते.

अक्षया: तुम्ही फोटोवाल्याकडे बघत होतात.

विमला: हां. नवी पैठणी होती. ...नारळ मागच्या पडवीत टाकू.

अक्षया: काय म्हणालात?

विमला: ऐकलंस ते. पण पहिलं गिऱ्हाईक कोण, ते मी ठरवणार.

अक्षया: सखूकाकू ना?

विमला: सखू गेली उडत. मालगुंडाहून तुझ्या आवशीला बोलव.

अक्षया: खरंच? तिला इतकं बरं वाटेल, आई. गरम पाण्यात घेऊन मी तिचे मस्त...

विमला: तू नाय. तू गल्ल्यावर बस त्या दिवशी. ...आणि ह्या पोरीला विचार, हे बसायचं बुटकं स्टूल कुठं मिळतं. मला खाली वाकता येत नाय.